फियाटच्या दाराचा अंगरखा

मुलांनो, मोटारीच्या दाराच्या पोटात पावसाचं पाणी जातं, असं सांगितलं तर पटेल का तुम्हाला? पण जातं बरं का! खिडकीची काच खाली सरकते ती दाराच्या आतच ना? मग तिला सरकायला फट हवीच. फटीला रबराची पट्टी असते, तरी काचेवरून ओघळणारं थोडं पाणी आत उतरतंच. गाडी बनवणाऱ्यांना हे ठाऊक असतं, म्हणून ते दाराच्या तळाशी बारीक भोकं ठेवतात. पाणी वरून आलं, खालून गेलं!

आता याच दाराच्या आतल्या अंगाला, जिथे आपलं कोपर घासतं, तिथे एक मऊ आवरण असतं. कारागीर त्याला डोअर पॅड म्हणतात. जुन्या गाड्यांत ते हार्डबोर्डचं असतं आणि वरून रेक्झीन. हार्डबोर्ड म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेला जाड पुठ्ठाच. ओला झाला की फुगतो, पोक काढतो आणि शेवटी पापडासारखा मोडतो.

नव्या गाडीचं पॅड दुकानात मिळेल. पण ज्या गाडीचं उत्पादनच थांबलं, तिचं काय? आपल्या मुंबईची फियाट घ्या. वालचंद हिराचंद यांनी सुरू केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डी बनू लागली. सत्तरच्या दशकात तिचं बारसं झालं, प्रीमियर पद्मिनी. चितोडच्या राणीचं नाव! २००० च्या सुमारास ही गाडी बनणं थांबलं. काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपात ती पुढेही धावली. ऑक्टोबर २०२३ संपताना मुंबईच्या टॅक्सींतूनही गेली. काही हौशी लोकांनी मात्र आपल्या आजोबांची फियाट जिवापाड जपली आहे. तिचं पॅड कुजलं की ते हातानंच करावं लागतं.

सगळ्यात आधी काय करायचं? जुनं पॅड फेकायचं नाही! कितीही कुजकं असो, माप तेवढ्यातच शिल्लक असतं. आधी कोपर टेकायच्या दांडीचे स्क्रू आणि काच वर-खाली करायचं हँडल काढतात. हँडलच्या मुळाशी चकतीमागे पिन किंवा क्लिप लपलेली असते, ती शोधावी लागते. मग पॅडच्या कडेला चपटी पट्टी सरकवून एकेक क्लिप हळूच उचकटायची. ओढाओढ केली की पुठ्ठा फाटतो आणि भोकाची जागा हरवते.

जुनं पॅड नव्या हार्डबोर्डवर ठेवून पेन्सिल फिरवायची, सगळी भोकं आखून घ्यायची. आता गणित! फियाटला दारं चार. मग नमुने किती लागतील? चार? नाही, दोनच. पुढचा एक, मागचा एक. डाव्या दाराचा नमुना पालथा केला की उजव्याचा झाला. भूमितीतली सममिती ती हीच. पण सांभाळा हं, रेक्झीन पाठीमागून आखतात. तिथे डाव्या-उजव्याचा विसर पडला की चांगलं कापड वाया!

जुन्या पॅडवर उभ्या रेघा असतात. तशा हव्या असतील तर रेक्झीनखाली पातळ फोम घेऊन मशीनवर शिवण मारतात. प्रत्येक शिवण थोडं कापड खाते. म्हणून आधी शिवायचं, मग कापायचं. कोणी चौकटी करतं, कोणी दुरंगी पट्टे. २०१५ मध्ये मुंबईत 'टॅक्सी फॅब्रिक' नावाचा उपक्रम निघाला होता; तरुण डिझायनरांनी टॅक्सींच्या आतल्या कापडावर शहराच्या गोष्टी मांडल्या. माझं मत विचाराल तर गाडीच्या बाहेरच्या रंगाशी बोलेल असा एक रंग पुरे. पण गाडी ज्याची, आवड त्याची!

रेक्झीन बोर्डावर चढवताना बोटभर कापड मागे दुमडून चिकटवतात. सुरुवात कोपऱ्यापासून नाही, बाजूंच्या मध्यापासून. एकदा इकडची बाजू, एकदा समोरची. गोल कोपऱ्याला मागे दुमडलेल्या कापडात छोटे त्रिकोणी काप दिले की चुण्या पडत नाहीत. पुस्तकाला कव्हर घालताना करून पाहा. (चिकटवायच्या रबरी सोल्यूशनचा वास डोक्यात जातो. ते काम मोठ्यांचं, आणि खिडक्या उघड्या ठेवून.)

इथवर सगळे नीट करतात. घोळ होतो तो पुढच्या कामात, कारण ते कुणाला दिसत नाही. पॅड आणि दाराचा पत्रा यांच्यामध्ये प्लॅस्टिकचा एक कागद असतो. दुरुस्तीत तो फाटतो आणि घाईत कुणी नवा लावतच नाही. मग पाणी थेट पुठ्ठ्यावर! दोन पावसाळ्यांत नव्या पॅडला पोक. कागद लावायची रीतही आहे. कडा पत्र्याला चिकटवायच्या, पण खालचा काठ पत्र्याच्या फटीतून दाराच्या पोटात खोचायचा. रेनकोटची पँट गमबुटात खोचली तर पाणी बुटात जातं ना? इथे नेमकं तेच हवंय. या बुटाला तळाशी भोकं आहेत!

म्हणून समजूतदार कारागीर पॅड बसवण्याआधी तारेनं ती भोकं मोकळी करतो. वर्षानुवर्षांची माती तिथे घट्ट बसलेली असते. मग काच लावून वरून तांब्याभर पाणी ओततो आणि खाली वाकून बघतो. दाराखाली जमिनीवर थेंब पडले आणि कागदाची गाडीकडची बाजू कोरडी राहिली, तरच तो क्लिप दाबायला घेतो.