अक्कलदाढेचा तिसरा दिवस

अक्कलदाढ काढली म्हटल्यावर लोक पहिला विनोद कुठला करतात, ते सांगायला नकोच. ‘होती नव्हती ती अक्कलपण गेली!’ आमच्या धाकट्याने पाच दिवसांत तो अकरा वेळा ऐकला. मामाकडून, वॉचमनकाकांकडून, आणि टीम लीडकडून तर दोनदा. बिचाऱ्याला धड हसताही येत नव्हतं, तोंड जेमतेम एक बोट उघडत होतं.

तसं हे दुखणं आपल्याच वयाचं. साधारण १७ ते २५ च्या मध्ये ही दाढ उगवते, तोवर जबड्यातल्या सगळ्या जागा बुक झालेल्या असतात. मग ती आडवी होते, शेजारणीला ढकलते, हिरडीखाली अन्न अडकतं आणि महिन्या-दोन महिन्यांनी गाल सुजतो. धाकट्याच्या खालच्या दोन्ही दाढा आडव्या निघाल्या. शुक्रवारी दोन्ही एकदम काढल्या. हाड थोडं कापावं लागलं, टाके पडले, तासाभरात काम खलास. भूल उतरेपर्यंत साहेब एकदम मजेत होते. दाताखाली कापसाची घडी दाबून सेल्फी वगैरे!

त्यानंतर सुरू झालं ते आमच्या घरातलं आइस्क्रीम-युद्ध. डॉक्टर म्हणाले, आज थंडच द्या, आइस्क्रीमही चालेल. आई म्हणाली, ‘गाल सुजलाय आणि वर आइस्क्रीम? उद्या घसा धरला की कोण निस्तरणार?’ तिचं गरम हळदीचं दूध गॅसवर तयारच होतं. खरं तर पहिले २४ तास गालावर बर्फ आणि पोटात थंड, हाच फंडा. गरमाने रक्त पुन्हा वाहू शकतं. शेवटी फ्रीजमधल्या दहीभातावर तह झाला. पुढचे चार दिवस मग मुगाची पातळ खिचडी, नाचणीची आंबील, कुस्करलेलं केळं. (पोहे मऊ असतात म्हणून काल मावशी घेऊन आल्या. त्यातला एक दाणा त्या खड्ड्यात बसला की काय होतं, ते धाकट्याला विचारा.)

सगळी भानगड असते ती एका गुठळीची. दाढ निघाली की मागे खड्डा उरतो आणि त्यात रक्त गोठून बसतं. हे त्या खड्ड्याचं झाकण. खालचं हाड आणि नसा त्याच्यामुळे झाकलेल्या राहतात. म्हणून पहिले काही दिवस जोरात थुंकायचं नाही, स्ट्रॉने काही ओढायचं नाही, खळखळून चूळ भरायची नाही. दुसऱ्या दिवसापासून मिठाचं कोमट पाणी घ्यायचं, पण तेही तोंडात हलकेच घोळवून नुसतं सोडून द्यायचं. आणि सिगरेट? नावच काढायचं नाही.

शनिवारी रात्री धाकटा म्हणाला, ‘जरा खाली चक्कर मारून येतो.’ ही चक्कर कसली असते ते मला माहीत होतं. आईला माहीत नव्हतं, असं आम्हा दोघांना वाटत होतं.

सोमवारी स्वारी ऑफिसला. का? तर ‘दातासाठी किती सुट्टी घेणार?’ असा मॅनेजरचा प्रेमळ प्रश्न. आपल्याकडे ताप आला तर आजार, दात दुखला तर बहाणा! सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते, म्हणजे शुक्रवारच्या पेशंटला सोमवारी कॉन्फरन्स कॉलवर बसवणं हा शुद्ध अत्याचार आहे. तरी हा बसला, आणि रात्री दोन वाजता उठूनही बसला. कळ कानापासून कानशिलापर्यंत, तोंडाला घाण वास, गोळीचा उपयोग शून्य.

हे लक्षात ठेवाच. दाढेचं दुखणं रोज थोडं कमी व्हायला हवं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते उलटं वाढलं तर गोळ्या मनाने वाढवत बसू नका, थेट डेंटिस्ट गाठा. गुठळी निघून हाड उघडं पडलेलं असू शकतं, त्याला ड्राय सॉकेट म्हणतात. ताप आला, पू आला किंवा गिळायला त्रास व्हायला लागला, तर सकाळ होण्याचीही वाट बघू नका.

मंगळवारी डॉक्टरांनी खड्ड्यात डोकावून विचारलं, ‘सिगरेट ओढलीस?’ आई शेजारीच बसलेली. धाकट्याने तोंड उघडत नसल्याचा पुरेपूर फायदा घेत नुसतं ‘अं अं’ केलं. आई शांतपणे म्हणाली, ‘ओढतो डॉक्टर. रोज दोन-तीन तरी. शर्ट मीच धुते ना त्याचे.’

बाप रे! त्या खोलीत तेव्हा दाढ सोडून सगळं दुखत होतं.

डॉक्टरांनी खड्डा धुऊन त्यात औषधाची पट्टी भरली. त्यात लवंगेच्या तेलातलं युजेनॉल असतं, हे कळल्यावर आईने ‘बघ, आजी सांगायची ना!’ असा चेहरा केला. पण ताज्या जखमेत घरची लवंग कोंबायची नाही, हेही डॉक्टरांनी तिला लगेच बजावलं. थोड्याच वेळात धाकट्याचा चेहरा माणसात आला. दोनदा पट्टी बदलली, आणखी तीन दिवस सुट्टी टाकली (यावेळी न विचारता, नुसतं कळवून), आणि आठव्या दिवशी टाके निघाले. घरी येताना त्याने मिसळ मागितली, मिळाला मऊ भात.

वरच्या दोन दाढा अजून बाकी आहेत. त्या काढायच्या झाल्या तर बुधवारी काढू, म्हणजे पुढचे चार दिवस हातात राहतील, असं आईने कॅलेंडर बघून ठरवूनही टाकलंय.

सिगरेटबद्दल मात्र ती त्यानंतर एक अक्षर बोललेली नाही. फक्त रात्री जेवण झाल्यावर तो ‘जरा खाली चक्कर मारून येतो’ म्हणाला, की तीही चपला घालते.