खोडदची दुर्बीण, अडलेली रेल्वे अन् ग्रहांचा जन्म

नंदुरबार : पुणे-नाशिक सेमी हायस्पीड रेल्वेचा मूळ मार्ग नारायणगाव भागातून जाणार होता. वाटेत खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण येते, म्हणून तो बाजूला ठेवून शिर्डीकडून नवा मार्ग पुढे आला. जुन्नर, संगमनेर पट्ट्यात त्यामुळे नाराजी आहे. एका दुर्बिणीपायी रेल्वे वळवावी लागते, तर ती दुर्बीण करते तरी काय?

या दुर्बिणीला डोळा लावून बघता येत नाही. तिच्या 30 तबकड्या आहेत, प्रत्येक 45 मीटर रुंद. आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी त्या पकडतात. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने ती उभी राहिली.

धुळीतून बनतो ग्रह

नवा तारा जन्मतो तेव्हा त्याच्याभोवती वायू अन् धुळीची चकती फिरत असते. धुळीचे कण चिकटत खडे होतात, खड्यांचे पुढे ग्रह. आपली पृथ्वीही अशीच बनली. धुळीमुळे साध्या दुर्बिणीला आतलं दिसत नाही, रेडिओ लहरी मात्र आरपार येतात.

2014 मध्ये चिली देशातल्या 66 तबकड्यांच्या 'अल्मा' दुर्बिणीने एचएल टाउरी या ताऱ्याचं चित्र घेतलं. चकतीत काळ्या रिकाम्या कड्या दिसल्या. ग्रह बनताना वाटेतली धूळ गोळा करतात, त्याची ती खूण मानली जाते.

खोडदची दुर्बीण लांब लहरी पकडते, तिला या कड्या दिसत नाहीत. पण त्याच वर्षी तिच्या नोंदींतून डीजी टाउरी या कोवळ्या ताऱ्याच्या फवाऱ्यात प्रचंड वेगाचे इलेक्ट्रॉन असल्याचे संकेत मिळाले. तारा किती माल बाहेर फेकतो, हे कळल्याशिवाय ग्रहांसाठी किती उरतो, त्याचा हिशेब लागत नाही.

मग रेल्वेची अडचण काय?

हे संकेत फारच क्षीण असतात. विजेवर धावणारी गाडी, मोबाईल टॉवर यांचा गोंगाट त्यांना गिळून टाकतो. डीजे दणाणत असताना कोपऱ्यातल्या म्हातारीचं बोलणं ऐकू येईल का? तसंच हे. म्हणजे शास्त्रज्ञांची काळजी खोटी नाही.

पण जुन्नरच्या शेतकऱ्याचं नुकसानही खोटं नाही. 'देशासाठी' म्हणजे काय, हे सरदार सरोवरात बाधित झालेल्या अक्कलकुवा-धडगावच्या 33 गावांना विचारावं. दुर्बीण जपलीच पाहिजे. मात्र गाडी किती अंतरावरून गेली तर चालेल, दुसरा उपाय आहे का, हे मराठीत लिहून ग्रामसभेपुढे ठेवलं पाहिजे. ज्याच्या गावची गाडी गेली, त्याला कारण तरी नीट कळावं.