आतड्याचा रक्तपुरवठा तुटतो तेव्हा

वयस्कर माणसाच्या पोटात दुखू लागले की घरातील पहिले निदान बहुधा ठरलेले असते : ‘गॅस धरला असेल.’ मग ओवा, हिंग, गरम पाण्याची पिशवी, एखादी पाचक गोळी असा क्रम लागतो आणि बहुतेक वेळा तेवढ्याने आरामही पडतो. या लेखात विचार करायचा आहे तो अशा थोड्या प्रसंगांचा, ज्यांत हाच क्रम घातक ठरतो. कारण ते दुखणे वायूचे नसून आतड्याचा रक्तपुरवठा तुटल्याचे असते. हृदयाला झटका येतो, मेंदूला झटका येतो, हे आता घरोघरी माहीत झाले आहे. आतड्यालाही तसाच झटका येऊ शकतो, हे मात्र फार थोड्या कुटुंबांना ठाऊक असते. हा आजार विरळ आहे; परंतु उतारवयात त्याची शक्यता वाढत जाते आणि एकदा तो उद्भवला की काळ तासांत मोजावा लागतो.

तीन रोहिण्या आणि त्यांचा संसार

माणूस स्वस्थ बसलेला असताना हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा ते चौथा हिस्सा पचनाच्या अवयवांकडे जातो आणि जेवणानंतर तो आणखी वाढतो. हे रक्त महारोहिणीतून निघणाऱ्या तीन शाखा पोहोचवतात. वरची शाखा जठर, यकृत आणि प्लीहा यांना रक्त पुरवते. मधली शाखा जवळजवळ संपूर्ण लहान आतडे आणि मोठ्या आतड्याचा उजवा भाग सांभाळते. खालची शाखा मोठ्या आतड्याचा उरलेला भाग पाहते. या तिघींत मधलीवर सर्वाधिक भार असतो. कित्येक मीटर लांबीचे लहान आतडे तिच्याच आधाराने जगते. ती महारोहिणीतून अशा कोनात निघते की हृदयाकडून वाहत आलेली गुठळी तिच्यात सहज शिरते.

रक्तपुरवठा तुटण्याचे मुख्य प्रकार चार. पहिला आणि सर्वांत अधिक आढळणारा म्हणजे हृदयात तयार झालेली गुठळी सुटून रोहिणीत अडकणे. हृदयाचे ठोके अनियमित पडण्याचा जो ‘एट्रियल फिब्रिलेशन’ नावाचा विकार आहे, त्यात हृदयाच्या वरच्या कप्प्यात रक्त साचून गुठळ्या होतात. त्यांतील एखादी मेंदूकडे गेली तर पक्षाघात होतो, आतड्याकडे गेली तर हा आजार. दुसरा प्रकार म्हणजे वर्षानुवर्षे चरबीच्या थराने अरुंद झालेली रोहिणी जागच्या जागी बंद होणे. तिसऱ्यात गुठळी रोहिणीत नसून अशुद्ध रक्त परत नेणाऱ्या नीलेत होते. चौथ्यात गुठळी कोठेच नसते, तरीही आतडे उपाशी राहते. हा चौथा प्रकार समजून घेण्यासाठी संप्रेरकांकडे वळावे लागते.

संप्रेरकांचा कठोर न्याय

रक्तदाब अचानक घसरला, शरीरातील पाणी कमी झाले, मोठा रक्तस्राव झाला किंवा जंतुसंसर्ग रक्तात पसरला की शरीर आणीबाणी पुकारते. अधिवृक्क ग्रंथींतून ॲड्रेनॅलीन, मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून व्हॅसोप्रेसिन आणि मूत्रपिंडांच्या प्रेरणेने अँजिओटेन्सिन अशी संप्रेरके रक्तात वाढतात. त्यांचे काम एकच : उपलब्ध रक्त मेंदू आणि हृदय यांच्यासाठी राखून ठेवणे. त्यासाठी कोठेतरी काटकसर करावीच लागते आणि ती प्रामुख्याने त्वचा, मूत्रपिंडे आणि आतडी यांच्या वाट्याला येते. आतड्याच्या रक्तवाहिन्या या संप्रेरकांना, विशेषतः अँजिओटेन्सिनला, फारच संवेदनशील असतात. त्या आवळल्या जातात आणि रक्त दुसरीकडे वळते.

तरुण शरीरात ही काटकसर थोडा वेळ टिकते आणि संकट टळताच आतडे पूर्वपदावर येते. वृद्ध शरीरात रोहिण्या आधीच अरुंद असतात, हृदयाची ताकद उणावलेली असते. तेथे हाच न्याय आतड्याच्या जिवावर बेततो. हृदय दुर्बल झालेले रुग्ण, डायलिसिसवर असलेले रुग्ण, अतिदक्षता विभागात रक्तदाब टिकवण्याची औषधे घेणारे रुग्ण यांच्यात हा धोका अधिक असतो. डिगॉक्सिनसारखे हृदयाचे औषधही आतड्याच्या वाहिन्या आवळू शकते. घरच्या पातळीवर याचा अर्थ असा की, जुलाब-उलट्या होत असताना, कडक उन्हाळ्यात किंवा निर्जळी उपवासात लघवी वाढवणाऱ्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या नेहमीप्रमाणे चालू ठेवाव्यात की कमी कराव्यात, हे डॉक्टरांना त्याच दिवशी विचारले पाहिजे.

रक्त परतले, तरी इजा थांबत नाही

आतड्याच्या आतील पृष्ठभागावर बोटांसारखे असंख्य सूक्ष्म उंचवटे असतात. त्यांना रसांकुर म्हणतात. प्रत्येक रसांकुरात रक्त वर नेणारी आणि खाली आणणारी वाहिनी इतक्या जवळून जातात की बराचसा प्राणवायू टोकापर्यंत पोहोचण्याआधीच एकीतून दुसरीत झिरपतो. म्हणून पुरवठा कमी पडला की सर्वप्रथम रसांकुरांची टोके मरतात. इजा तेथपर्यंतच थांबली तर आशा मोठी असते, कारण आतड्याचे हे अस्तर तीन ते पाच दिवसांत स्वतःला नवे करते. परंतु रोहिणी पूर्ण बंद राहिली तर सुमारे सहा तासांत इजा आतड्याच्या भिंतीच्या संपूर्ण जाडीत पोहोचू शकते आणि मग तो भाग कापून काढण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

येथे एक विलक्षण गोष्ट घडते. पार्क्स आणि ग्रेंजर या संशोधकांनी 1986 मध्ये मांजरांच्या लहान आतड्यावरील प्रयोग प्रसिद्ध केले. एका गटात आतड्याचा रक्तप्रवाह चार तास तोकडा ठेवला. दुसऱ्यात तीन तास तोकडा ठेवून नंतर एक तास पूर्ववत केला. अपेक्षा अशी की रक्त परत मिळालेले आतडे अधिक चांगले असेल. प्रत्यक्षात त्याच्या अस्तराची इजा अधिक होती. रक्ताच्या पुनरागमनानेच होणाऱ्या या इजेचे कारण रसायनशास्त्रात आहे. प्राणवायू नसताना पेशींतील ऊर्जेचे साठे मोडतात आणि त्यांचे अवशेष साचतात. प्राणवायू परतताच, आतड्यात विपुल असणारे झँथीन ऑक्सिडेज नावाचे विकर त्या अवशेषांवर काम करू लागते आणि त्यातून प्राणवायूची अत्यंत दाहक रूपे निर्माण होतात. ती पेशींची आवरणे जाळतात.

या ठिणगीने दाहाची आग पेटते. रक्तातील पांढऱ्या पेशी धावून येतात, वाहिन्यांच्या भिंतींना चिकटतात आणि जंतू मारण्यासाठी राखून ठेवलेली अस्त्रे स्वतःच्याच आतड्यावर चालवतात. अस्तराची तटबंदी फुटते. आतड्यातील जंतू आणि त्यांची विषे भिंत ओलांडतात. दाहाचे संदेश देणारी रसायने रक्तातून आणि लसिकेतून सर्वत्र पसरतात. म्हणूनच गुठळी काढून रक्त सुरू केल्यावरही रुग्णाला श्वास लागणे, मूत्रपिंडे मंदावणे, रक्तदाब पडणे असे प्रकार होऊ शकतात. ‘ऑपरेशन तर यशस्वी झाले, मग फुप्फुसांचे काय झाले?’ हा नातेवाइकांचा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर बहुधा या दाहात असते. यावरून रक्त परत आणू नये असा अर्थ मात्र कोणी काढू नये. रक्ताविना आतड्याचा मृत्यू अटळ आहे. अर्थ एवढाच की, रक्त जितक्या लवकर परतेल तितके पेटण्याजोगे इंधन कमी साचलेले असेल.

आग शमवणारी संप्रेरके

आतड्याला उपाशी ठेवणाऱ्या संप्रेरकांप्रमाणेच त्याला सांभाळणारी संप्रेरकेही आहेत. उंदीरवर्गीय प्राण्यांवरील प्रयोगांत, रक्तस्राव आणि आतड्याच्या उपासमारीला माद्यांचे आतडे नरांपेक्षा अधिक चांगले तोंड देते, विशेषतः स्त्री-संप्रेरक इस्ट्रोजेनची पातळी उच्च असलेल्या काळात, असे आढळले आहे. इस्ट्रोजेन रक्तवाहिन्या सैल ठेवण्यास आणि दाहाचे संदेश मंद करण्यास मदत करते. झोपेचे संप्रेरक म्हणून परिचित असलेले मेलाटोनिन आतड्यातही तयार होते. प्राण्यांत ते दिल्याने इजा कमी झाल्याची नोंद आहे. अन्न आतड्यात पोहोचल्यावर तेथील पेशींतून स्रवणारे जीएलपी-2 हे संप्रेरक आतड्याचा रक्तप्रवाह आणि अस्तराची वाढ वाढवते. त्याच्याच धर्तीवर बनवलेले टेड्यूग्लुटाइड हे औषध, बरेचसे आतडे काढावे लागलेल्या रुग्णांसाठी अमेरिकेत 2012 मध्ये मान्य झाले.

हे वाचून कोणी संप्रेरकांच्या गोळ्यांकडे वळू नये, म्हणून दुसरी बाजूही सांगणे अगत्याचे आहे. रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांवरील ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या मोठ्या अमेरिकी अभ्यासाचा एक भाग 2002 मध्ये थांबवावा लागला. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन एकत्र घेणाऱ्या स्त्रियांत स्तनाचा कर्करोग, पक्षाघात आणि गुठळ्यांचे प्रमाण वाढल्याचे त्यात दिसले होते. नीलांतील गुठळ्या हे तर आतड्याच्या या आजाराचेच एक कारण. प्रयोगशाळेत जे संप्रेरक दाह शमवते, तेच वृद्ध शरीरात गुठळीला निमंत्रण देऊ शकते. आतड्याच्या झटक्यावरील नित्याच्या उपचारांत आज या संप्रेरकांना स्थान नाही.

कॉर्टिसॉलचा प्रश्न याहून व्यवहाराचा आहे. दमा किंवा संधिवात यांसाठी दीर्घकाळ प्रेडनिसोलोनसारखी स्टेरॉइड घेणाऱ्यांच्या पोटात गंभीर बिघाड झाला तरी पोट फारसे ताठरत नाही, तापही चढत नाही. दाहाची लक्षणेच झाकली जातात. उलट, अशी गोळी अचानक बंद केली तर शरीरातील कॉर्टिसॉल कमी पडून रक्तदाब घसरतो आणि पोटात दुखूही लागते. तेव्हा डॉक्टरांना सांगायच्या औषधांत स्टेरॉइडचे नाव सर्वांत आधी यावे.

ओळखावे कसे

या आजाराची खूण एका विसंगतीत आहे. रुग्ण वेदनेने कळवळतो, पण पोटावर हात ठेवला तर ते मऊ लागते. बाहेरून काही दिसत नाही म्हणून घरचे निश्चिंत होतात, क्वचित डॉक्टरही. दुखणे अचानक सुरू होते. बरोबर उलटी होते किंवा शौचाला घाईने होते. काही तासांनी वेदना थोडी ओसरल्यासारखी वाटते. हा आराम फसवा असू शकतो, कारण मरू घातलेले आतडे दुखणेही विसरते. त्यानंतर पोट फुगते, ताठर होते, शौचातून रक्त जाते; तोवर बराच उशीर झालेला असतो. अतिवृद्ध किंवा स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तींना दुखणे सांगताच येत नाही. त्यांचे अचानक गोंधळणे, जेवण नाकारणे, श्वास जलद होणे एवढेच दिसते.

सौम्य आणि संथ रूपेही आहेत. जेवल्यावर पंधरा-तीस मिनिटांत पोटात कळ येऊन तास-दोन तास टिकणे, त्या भीतीने जेवण कमी होणे आणि वजन घटत जाणे, ही अरुंद रोहिण्यांची सूचना असू शकते. तंबाखू किंवा धूम्रपानाचा इतिहास असेल तर अधिकच. येथे वेळ असतो, आणि स्टेंट घालून रोहिणी रुंद करता येते. मोठ्या आतड्याचा पुरवठा तात्पुरता कमी पडला तर पोटाच्या डाव्या बाजूला दुखून रक्तमिश्रित जुलाब होतात. हा प्रकार बहुधा औषधोपचाराने बरा होतो, पण तपासणी त्याच दिवशी हवी.

घरातील माणसांनी काय करावे

1. साठीपुढील व्यक्तीला, विशेषतः ठोके अनियमित असलेल्या किंवा हृदयरोग झालेल्या व्यक्तीला, अचानक तीव्र पोटदुखी सुरू झाली आणि ती तासाभरात ओसरली नाही, तर घरगुती उपाय थांबवून सीटी स्कॅन आणि शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. महाराष्ट्रात आणि गोव्यात रुग्णवाहिकेसाठी 108 क्रमांक आहे. वेदना असह्य असेल, चक्कर किंवा घाम येत असेल, तर तासभरही थांबू नये.

2. एरंडेल, रेचक, एनिमा देऊ नये. तपासणी होईपर्यंत खाण्यापिण्यास काही देऊ नये. रक्त पातळ करणारी गोळी आपल्या मनाने जादा देऊ नये.

3. रुग्णालयात पोहोचताच तीन गोष्टी सांगाव्यात : दुखणे नेमके किती वाजता सुरू झाले, ठोक्यांचा विकार आहे का, आणि रक्त पातळ करणारी गोळी अलीकडे चुकली किंवा बंद केली होती का. दात काढण्यासाठी थांबवलेली गोळी पुन्हा सुरू करायची राहून गेली, असे घडू शकते.

4. ‘आतड्याच्या रक्तपुरवठ्याचा प्रश्न असू शकेल का?’ असे डॉक्टरांना नम्रपणे विचारावे. निदानाचा मुख्य आधार म्हणजे शिरेतून औषध देऊन केलेली सीटी अँजिओग्राफी. सुरुवातीच्या रक्ततपासण्या सामान्य येऊ शकतात. तेवढ्यावर निर्धास्त होऊ नये. त्या औषधाने मूत्रपिंडांना त्रास होईल अशी भीती अनेक कुटुंबांना वाटते. ती निराधार नाही, परंतु येथे पलीकडच्या पारड्यात प्राण असतात.

5. आजार नसतानाच्या दिवसांत औषधांची अद्ययावत यादी पाकिटात ठेवावी, ठोक्यांची तपासणी करून घ्यावी, तंबाखू सोडावी आणि गुठळी टाळणारी गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करू नये.

या आजारात निम्म्याहून अधिक रुग्ण दगावतात, असे वैद्यकीय अहवालांत अनेक वर्षे आढळत आले आहे. त्यामागचे मोठे कारण उशिरा होणारे निदान हे आहे. दाहाची आग विझवणारे औषध शास्त्रज्ञ शोधत आहेत. ते यथावकाश मिळेल. दुखणे सुरू झाल्यापासून रुग्णालयाच्या दारापर्यंतचे तास मात्र आजही कुटुंबाच्या हाती आहेत.