अंदाजपत्रातले मालेगाव

आरोग्यव्यवस्थेतील सुधारणेचे परिणाम आधी संगणकावर अजमावून पाहण्याची, म्हणजेच सिम्युलेशनची, पद्धत आता धोरणकर्त्यांच्या परिचयाची आहे. हजारो काल्पनिक कुटुंबे रचायची, त्यांना विमाछत्र द्यायचे आणि रुग्णसंख्या किती वाढेल, तिजोरीवर भार किती पडेल, हे मोजायचे. पद्धत उपयुक्त आहे. प्रश्न आहे तो या कुटुंबांच्या घडणीचा.

राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत अमरावती होता, शेजारचा वाशीम नव्हता. त्याला नोव्हेंबर २०१३ पर्यंत थांबावे लागले. कुटुंबामागे वर्षाला दीड लाखांचे संरक्षण. कागदावर मुंबईचा आणि वाशीम जिल्ह्यातील मालेगावचा हक्क सारखाच. परंतु हा हक्क वटतो तो योजनेत सामील असलेल्या रुग्णालयात. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी मालेगावच्या शेतमजुराला अकोल्याची वाट धरावी लागते, आणि ऐन सोयाबीनच्या काढणीत सोबत जाणाऱ्याची बुडालेली मजुरी ही योजना भरून देत नाही.

अंतर आणि मजुरी न धरणारे प्रतिरूप येथे फसणारच. शिवाय दावे कमी आले की गरजच कमी आहे, असा अर्थ लावला जाण्याचा धोका आहे. म्हणून त्या सोळा महिन्यांचे मोल मोठे: योजना मिळालेला अमरावती आणि न मिळालेला वाशीम यांची तुलना करून भाकिते पडताळता येतात. २०२३ मध्ये मर्यादा पाच लाखांवर नेण्याचा निर्णय झाला. अशी पडताळणी त्याआधीच व्हायला हवी होती. निदान पुढच्या सुधारणेपूर्वी तरी ती व्हावी.