शंभर सरदारांचा चहा

दिवाळीच्या तोंडावर प्राध्यापकांच्या घरात दोन गोष्टी एकदमच येऊन पडतात : चकलीची भाजणी आणि उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. पहिलीने भूक लागते, दुसरीने ती मरते. माझ्या घरी या दोहोंत तिसऱ्या गोष्टीची भर असते, ती म्हणजे इंग्रजीचे निबंध.

आता मी शिकवते मराठी. पण शेजारपाजारची, ओळखीपाळखीची आणि आमच्या वर्गातलीही मुले इंग्रजी वाङ्मयावरचे निबंध घेऊन माझ्याकडे येतात. इंग्रजीच्या सरांना ती भितात. मला भीत नाहीत, कारण माझ्यापुढे इंग्रजी चुकले तरी ते पकडले जाणार नाही, अशी त्यांची प्रामाणिक समजूत आहे. शिवाय माझ्याकडे लाडू असतात.

यंदा बहुतेकांच्या वाट्याला आला होता शेक्सपिअरचा 'किंग लिअर'. गोष्ट पुष्कळांना ठाऊक असेल; नसली तर थोडक्यात सांगते. एक म्हातारा राजा आपले राज्य तीन मुलींना वाटून द्यायला बसतो आणि त्यांना विचारतो, माझ्यावर कोणाचे प्रेम अधिक? थोरल्या दोघी तोंड भरून बोलतात. धाकटी कॉर्डेलिया मात्र लेकीच्या कर्तव्यापलीकडे एक शब्द बोलत नाही. राजा रागावतो, तिला काही न देता घालवून देतो आणि सगळे राज्य त्या दोघींत वाटतो. पुढे त्या दोघी बापाचे काय करतात आणि घालवून दिलेली लेक त्याच्यासाठी काय करते, याचे ते नाटक.

मी ओळीने सात निबंध वाचले. सातही निबंधांतला लिअर अगदी एका साच्यातला! त्याच्या अंगी तोच दोष, त्याचा तोच अधःपात आणि शेवटी प्रेक्षकांच्या मनात तीच भीती आणि तीच करुणा. एका मुलाला मी सहज विचारले, "का रे, तुला लिअरची दया आली का?"

तो गोंधळला. म्हणाला, "मॅडम, ते शेवटच्या परिच्छेदात लिहिलंय ना!"

पूर्वी ही दया कुंजीतून येत असे. पुढे ती झेरॉक्सच्या नोट्समधून येऊ लागली. आता मोबाईलला विचारले की अर्ध्या मिनिटात निबंध हजर होतो, आणि तोही शुद्ध इंग्रजीत! तो वाईट असता तर एक वेळ परवडले असते. तो चांगला असतो. फक्त तो कोणाचाच नसतो.

याच सातांपैकी एकाचे वडील मुलाला न्यायला आले होते. मोकळे गृहस्थ. चहाचा घोट घेत म्हणाले, "मॅडम, खरं सांगू का? चारशे वर्षांपूर्वीचं ते इंग्रजांचं नाटक, आणि आमचा हा सिडकोतला पोरगा. दोघांचा संबंध काय? गुण पडले म्हणजे झालं!"

प्रश्न रोखठोक आहे, आणि गुणांच्या भाषेत त्याचे उत्तर देता येत नाही. पण तो विचारायला आपण जरा उशीरच केला आहे. आपल्या वडीलधाऱ्यांनी हा संबंध दीडशे वर्षांपूर्वीच जोडून ठेवला आहे.

विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली 'निबंधमाला' सुरू केली. इंग्रजांच्या बडेजावाला आणि आपल्या लोकांच्या आंधळ्या अनुकरणाला झोडपून काढणारी ही लेखणी. पण याच लेखणीने डॉक्टर जॉन्सन या इंग्रज पंडितावर मराठीत विस्ताराने लिहिले. ते लिहायला त्यांना कोणत्या विद्यापीठाने सांगितले नव्हते. पुढे १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात टिळक आणि आगरकर मुंबईच्या डोंगरी तुरुंगात गेले आणि तिथे त्यांनी एकशेएक दिवस काढले. आगरकरांचे वय तेव्हा सव्वीस वर्षांचे. त्या कोंडवाड्यात हा तरुण शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'च्या भाषांतराला लागला. ते १८८३ साली प्रसिद्ध झाले, आणि त्याला त्यांनी नाव दिले 'विकारविलसित'. नावच पाहा! डेन्मार्क गेला, राजवाडा गेला. राहिला तो मनाच्या विकारांचा खेळ. परक्या नाटकात आगरकरांनी काय पाहिले, हे त्या एका शब्दात कळते.

आणि ज्या जॉन्सनवर शास्त्रीबुवांनी लिहिले, त्याची तर 'लिअर'संबंधीच एक गोष्ट आहे. जॉन्सन म्हणजे इंग्रजीचा भीष्माचार्य, कोशकार, वादात भल्याभल्यांना गप्प बसवणारा. त्याने १७६५ साली शेक्सपिअरच्या नाटकांची आवृत्ती काढली. तिच्यात त्याने चक्क लिहून ठेवले आहे की, कॉर्डेलियाच्या मरणाने आपल्याला पूर्वी इतका धक्का बसला होता की, संपादनासाठी वाचणे भाग पडेपर्यंत ते शेवटचे प्रवेश पुन्हा वाचायचा धीर झाला नाही. प्रेक्षकांचीही तीच तऱ्हा होती. नेहम टेट नावाच्या लेखकाने १६८१ साली या नाटकाचा शेवट गोड करून टाकला, कॉर्डेलियाला जगवले आणि तिचे लग्नही लावून दिले! १८३८ पर्यंत इंग्लंडच्या रंगभूमीवर बहुतेक हेच गोड नाटक चालत राहिले.

एवढ्या मोठ्या पंडिताच्या टीकेत त्याच्या स्वतःच्या काळजाला जागा आहे. आमच्या एकोणीस वर्षांच्या मुलांच्या निबंधात मात्र ती नाही. का बरे नसावी?

त्या सात निबंधांतला एक निबंध एका मुलीचा होता. मुलगी जिल्ह्यातल्या द्राक्षबागांच्या भागातली, इथे वसतिगृहात राहणारी. तिला विचारूनच हे लिहीत आहे. गाव सांगत नाही. तिच्या निबंधात एक वाक्य होते : राजाचे शंभर सरदार हे सत्तेचे प्रतीक आहे.

"म्हणजे काय गं?" मी विचारले.

ती खाली पाहू लागली. मग मीच तो प्रसंग तिला आपल्या भाषेत सांगितला. लिअर राज्य देऊन टाकतो, पण शंभर सरदार स्वतःजवळ ठेवतो. एक महिना एका मुलीकडे, एक महिना दुसरीकडे, अशी त्याची पाळी ठरते. मग मुली हिशेब मांडतात. शंभर माणसे कशाला? पन्नास पुरेत. पन्नास तरी कशाला? पंचवीस आणा. दहा कशाला, पाच कशाला? आणि शेवटी, एकाची तरी गरज काय?

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मॅडम, आमच्याकडे चहाचं असंच झालं."

तिच्या आजोबांनी हयातीतच बागेची वाटणी केली. दोघे मुलगे, एक मुलगी. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलीलाही मुलाइतकाच वाटा आहे. पण आत्याने रीतीप्रमाणे हक्कसोडपत्रावर सही करून दिली. सही करताना ती एवढेच म्हणाली, "आप्पा, सगळं आत्ताच नावावर करून देऊ नका. हातात काहीतरी ठेवा." आजोबांना त्याचा राग आला. माझ्या पोरांवर तुझा भरवसा नाही का, म्हणाले. त्यानंतर दोन दिवाळ्या आत्या भाऊबीजेला आलेली नाही. आजोबा सहा महिने थोरल्याकडे, सहा महिने धाकट्याकडे. सकाळी त्यांचे चार मित्र ओट्यावर येऊन बसत, त्यांना चहा होई. आधी चहा दोनदाचा एकदा झाला. मग चार कपांचे दोन झाले. आता मित्रच येत नाहीत.

"आणि मॅडम," ती म्हणाली, "कप मोजणारी माझी आई आहे."

यावर मी काय बोलणार? पण पुढचा प्रश्न तिनेच विचारला. "आई पहाटे पाचला उठते. बागेत मजुरांबरोबर राबते. पाहुण्यांचा चहा तिनंच करायचा. त्या थोरल्या मुलीचं, गॉनरिलचं, काहीच बरोबर नव्हतं का?"

वाचकहो, सात निबंधांत नव्हता तो प्रश्न हा होता! आणि तो खोटा नाही. शेक्सपिअरने गॉनरिलच्या तोंडी तशी तक्रार घातलीच आहे : ही माणसे घरात दंगा करतात, घराची खाणावळ झाली आहे. तिचे ऐकताना क्षणभर आपल्यालाही ते पटते. मग कुठल्या आकड्याला तिचे चुकते? शंभराला, पन्नासला, की एकाला? मोठमोठे टीकाकार यावर वाद घालत आले आहेत, आणि ही मुलगी नोट्सची वही मिटल्याबरोबर नेमकी तिथे येऊन पोचली होती.

मी तिला सांगितले, "हे सगळं आधी मराठीत लिही. चार पानं होऊ देत, कोणाला दाखवू नकोस. मग नाटकातला तेवढाच प्रवेश पुन्हा वाच, आणि त्याच्यावर इंग्रजीत लिही. आजोबा घरीच राहू देत. त्यांच्यामुळे जे दिसलं, तेवढं पेपरात आण."

आठ दिवसांनी तिने निबंध आणला. दीड पानाचा. दोन-तीन ठिकाणी व्याकरण घसरले होते. त्यात अधःपात नव्हता, भीती आणि करुणा नव्हती. तिने म्हटले होते की, शंभराच्या वेळी मुलगी घराचा हिशेब करते, पण एकाच्या वेळी हिशेब संपलेला असतो. तेव्हा तिला फक्त बापाला दाखवून द्यायचे असते की आता तू मागणारा आहेस. असे वाक्य मला सगळ्या गठ्ठ्यात दुसरे सापडले नाही. तिचा निकाल अजून लागायचा आहे. घरी आईशी ती काय बोलणार, हे मी विचारले नाही. तो पेपर माझ्याकडे तपासायला यायचा नाही.

नाशिककरांना तर या गोष्टीचे नवल वाटू नये. पिंपळगाव बसवंतला बालपण काढलेला आणि पुढे इथल्याच एच. पी. टी. कॉलेजात शिकलेला एक विद्यार्थी आयुष्यभर शेक्सपिअर वाचत राहिला. तो म्हणजे वि. वा. शिरवाडकर, आपले कुसुमाग्रज. त्यांनी 'मॅकबेथ'वरून 'राजमुकुट' लिहिले, 'ऑथेल्लो' मराठीत आणले, शेक्सपिअरवर लेखही लिहिले. पण लिअरची पाळी आली तेव्हा त्यांनी राज्य, किल्ला, सरदार सगळे बाजूला ठेवले आणि रंगभूमीवरून निवृत्त झालेला एक म्हातारा नट उभा केला. तोही आपली मिळकत मुलांना वाटून देतो, आणि मग त्याचीही पाळी सुरू होते. 'नटसम्राट'चा पहिला प्रयोग २३ डिसेंबर १९७० रोजी झाला आणि १९७४ साली त्या नाटकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

मला यात एक गोष्ट फार मोलाची वाटते. शेक्सपिअरच्या नाटकात लिअरची राणी कुठेच दिसत नाही. शिरवाडकरांनी त्यांच्या म्हाताऱ्याला बायको दिली. मराठी घरात वाटणी होते तेव्हा दाराआड उभी असलेली, सगळे समजणारी आणि फारसे न बोलणारी बाई त्यांना दिसली. तिच्यावाचून ते नाटक आपले झालेच नसते. कविवर्य विंदा करंदीकर इंग्रजीचे प्राध्यापक. त्यांनी 'राजा लिअर' हे मुळाला धरून असलेले भाषांतर केले, तेही आपल्याला हवेच. पण त्या कावेरीचा शोध लावायला स्वतःचे घर डोळ्यांपुढे ठेवूनच इंग्रजी वाचावे लागते.

तेव्हा सिडकोतल्या त्या गृहस्थांना माझे उत्तर असे : संबंध नाटकात छापलेला नसतो. तो मुलाने जोडायचा असतो. निबंध म्हणजे तो जोडल्याची पावती. ती दुसऱ्याच्या नावाची आणून चिकटवली, तर गुण कदाचित मिळतील, पण घरात काहीच येणार नाही.

आता सुटी आहे, मुले घरी आहेत. एखादा निबंध टेबलावर पडलेला असेल. किती गुण मिळतील, हे विचारण्याआधी एकदा विचारून पाहा, "या गोष्टीत तुला बाजू कोणाची पटली?" उत्तर मराठीत आले तरी चालेल. घरातल्या कोणाचे नाव त्यात निघाले तर दचकू नका, मध्ये बोलू नका. आणि बोलणे लांबले तर खुशाल पुन्हा चहा टाका. कप मात्र मोजू नका!