तीन नटांवर धावणारी गाडी



गेल्या हिवाळ्यात एका लग्नकार्यासाठी आम्ही सांगलीहून पुण्यास निघालो होतो. निघण्याच्या चार दिवस आधी पंक्चर काढताना पुढील डाव्या चाकाचा एक स्टड तुटला होता. काम करणारा म्हणाला, "शेठ, अजून तीन आहेत की! आरामात चालेल." दुकानात गिऱ्हाइकांची वर्दळ, घरात आहेराची बांधाबांध, मलाही ते उत्तर सोयीचे वाटले. कराड मागे पडले आणि पुढच्या आसनावरील मोठ्या काकू एकाएकी म्हणाल्या, "अरे, खालून टकटक येतेय. गाडी बाजूला घे." उतरून पाहतो, तो उरलेल्या तिघांपैकी एक नट बोटांनी फिरत होता! मागे माझी दोन वर्षांची नात झोपली होती. पुढे एक पाऊलही गाडी न चालवता ती उचलून गॅरेजात नेली. तेथील वयोवृद्ध मिस्त्रींनी दुरुस्ती करता करता जे समजावले, ते आज आपल्यापुढे ठेवतो.

स्टड हा हबच्या पाठीमागून दाबून बसवलेला पोलादी खिळा. त्याच्या मानेवर दाते असतात, त्यामुळे तो जागीच फिरत नाही. पुढच्या टोकाला नटासाठी आटे असतात. नट आवळला की स्टड किंचित ताणला जातो आणि त्या ताणाने चाक हबवर घट्ट दाबले जाते. गाडीचा भार खरे तर या दाबातून निर्माण होणारे घर्षण पेलते. एक स्टड गेला की दाब उणावतो, चाक सूक्ष्म प्रमाणात सरकू लागते आणि उरलेले स्टड प्रत्येक फेऱ्यात वाकू पाहतात. चौघांच्या पेढीतून एक भागीदार निघून गेला, तरी देणे तेवढेच राहते. ते तिघांच्या माथी येते. पुढचा केव्हा खचेल, हे वही सांगत नाही.

स्टड तुटतो तो बहुधा आपल्याच घाईमुळे. हवेच्या गनने बेहिशेब आवळणे, पान्यावर उभे राहून जोर देणे, आटे न जुळवता नट तिरका चढवणे, गंज, किंवा सैल नटांवर गाडी चालवणे, ही त्याची नेहमीची कारणे.

दुरुस्तीची रीत अशी. गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढावा, मागच्या चाकांना दगड लावावेत. नट चाक जमिनीवर असतानाच सैल करावेत; मग गाडी जॅकने उचलून भक्कम स्टँडवर टेकवावी, केवळ जॅकवर विसंबू नये. चाक निघाल्यावर ब्रेकचा कॅलिपर सोडवून तारेने टांगावा. तो रबरी नळीवर लोंबकळू देऊ नये. डिस्क काढून, मागे मोकळी जागा येईल असा हब फिरवावा आणि तुटका स्टड आतील बाजूस ठोकून काढावा. काही गाड्यांत अशी जागाच नसते. तेथे हब उतरवावा लागतो. ठोके बेताने मारावेत, कारण ते बेअरिंगला लागतात. नवा स्टड पाठीमागून घालून दाते जुळवावेत. पुढून काही वॉशर आणि एक जुना नट लावून, त्याचे डोके हबला पूर्ण टेकेपर्यंत सावकाश ओढून घ्यावा. हे काम अनुभवी हातांचे आहे. आपण मात्र ते नीट झाले की नाही, हे पाहावे.

चाक बसवताना नट हाताने चढवून, समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत. अखेरचा जोर टॉर्क पान्याने, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापानेच द्यावा. पुष्कळ छोट्या गाड्यांत तो १०० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. पुस्तिकेत सांगितले नसेल, तर आट्यांना तेल लावू नये. तेलामुळे त्याच मापात स्टड जास्त ताणला जातो. पन्नास ते शंभर किलोमीटर धावल्यावर नट पुन्हा तपासावेत. नवा स्टड त्याच गाडीच्या मापाचा हवा, आणि त्याचा नटही नवाच घ्यावा. फोक्सवॅगन, स्कोडा अशा काही गाड्यांत स्टड नसून बोल्ट असतात; तेथे रीत वेगळी.

आमच्या मिस्त्रींनी त्या चाकाचे चारही स्टड बदलले. मी विचारले, "दोन तर शाबूत दिसतात?" ते म्हणाले, "साहेब, चार दिवस त्यांनी दुसऱ्यांचे ओझे वाहिले आहे. दिसतात शाबूत, पण आतून थकले असतील." बिल पाहून मला माझीच लाज वाटली. इतक्या किरकोळ रकमेसाठी मी चार दिवस घरच्या पाच माणसांना तीन नटांच्या भरवशावर सोडले होते. आपण तसे करू नये, एवढीच विनंती.