घरचा औषधी बटवा : वेखंड

बाळंतिणीच्या खोलींत वेखंडाचा उग्र दर्प नाहीं, असें घर आमच्या वाचकवर्गांत विरळाच. बाळाच्या पोटावर त्याचा लेप. शिवाय गुटींत सहाणेवर उगाळलेले दोन वेढे. वाणी सुधारते या समजुतीनें संस्कृतांत त्याला ‘वचा’ म्हणतात. मौज ही कीं, उत्तर अमेरिकेंतील मूळचे रहिवासीही घसा धरला म्हणजे हेंच मूळ चघळीत, आणि युरोपांत तें साखरेच्या पाकांत मुरवून खात.

असें असतां, अमेरिकेच्या सरकारनें १९६८ सालीं खाद्यपदार्थांत वेखंड घालण्यास मनाई केली. जम्मूकडील वेखंडाचें तेल खाऊं घातलेल्या उंदरांच्या आंतड्यांत कर्करोगाच्या गांठी आढळल्या होत्या. दोष बीटा-असारोन नामक द्रव्याचा. अमेरिकेच्या मूळ जातींत तें नसतें, युरोपच्या जातींत थोडें, आणि आपल्याकडील जातींत विपुल! तेव्हां तिकडील लोकांना तें मानवलें, हा दाखला आपल्या उपयोगाचा नाहीं.

वडीलधाऱ्या बायकांचा रोष पत्करूनही आम्ही सुचवितों कीं, गुटींतील वेखंड बंद करावें. पोटावरील लेपास आमची हरकत नाहीं. मात्र तो लावल्यावर बाळाच्या मुठी पुसाव्या, कारण त्या लागलीच तोंडांत जातात.